गिऱ्हाईक तापलं की काय करायचं: हॉटेलात नव्याने लागलेल्यांसाठी

हा लेख हॉटेलात नुकतंच कामाला लागलेल्या मुलामुलींसाठी आहे. वेटर, कॅप्टन (म्हणजे वेटरांवर देखरेख करणारा), गल्ल्यावर बसणारे, पार्सलचे फोन घेणारे, सगळ्यांसाठी. थाळीचं हॉटेल असो, मिसळीचं असो की हायवेवरचा ढाबा, ताटं वाढायला माणूस चार दिवसांत शिकतो. तापलेल्या गिऱ्हाइकासमोर उभं कसं राहायचं हे मात्र कुणी शिकवत नाही. नव्या पोराला सरळ टेबलांवर सोडतात, आणि पहिल्यांदा कुणी आवाज चढवला की त्याचे हातपाय गळतात. कामाला चोख असलेली पोरं केवळ या धास्तीने काम सोडून गेलेली मी पाहिली आहेत. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. गिऱ्हाईक बोलतं त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक तक्रार, म्हणजे काय बिघडलं. दुसरी मागणी, म्हणजे त्याबद्दल त्याला काय हवंय. आपण ज्याला अवाजवी तक्रार म्हणतो, तिच्यात बहुतेक वेळा तक्रार खरी असते किंवा निदान खरी असू शकते, आणि अवाजवी असते ती मागणी. भाजीत मीठ जास्त झालं ही तक्रार झाली. त्यासाठी आठ जणांचं सगळं बिल माफ करा ही मागणी झाली. या दोन्हींना एकच उत्तर द्यायला गेलात की फसलात. मग एक तर खऱ्या तक्रारीलाही नाही म्हणाल, नाहीतर घाबरून नको त्या मागणीला हो म्हणाल.

कामावर पहिल्याच दिवशी: तुमच्या हातात काय आहे ते विचारून घ्या

मालकाला किंवा मॅनेजरला स्पष्ट विचारा: डिश बदलून द्यायची तर मी देऊ का, की विचारायचं? बिलातून एखादी डिश कोण काढू शकतो? मालक नसताना शेवटचा शब्द कुणाचा? दोन माणसांत एक अनलिमिटेड थाळी चालते का? ताटात उरलेलं पार्सल देतो का? याची उत्तरं ठाऊक नसलेला वेटर गिऱ्हाइकासमोर "बघतो, विचारतो" करत राहतो. गिऱ्हाइकाला ती टाळाटाळ वाटते, आणि साधी गोष्ट चिघळते.

दुसरं म्हणजे मेनू तोंडपाठ हवा, आणि नुसते भाव पाठ असून भागत नाही. कोणत्या ग्रेव्हीत काजू आहे, कशात दही आहे, कांदा-लसूण नसलेलं काय मिळतं, उपवासाच्या थाळीला तेल वेगळं वापरतात का, हे माहीत असलं पाहिजे. बऱ्याच तक्रारी ऑर्डर घेतानाच मिटवता येतात. बाहेरगावची मंडळी मिसळ मागतात तेव्हा "तर्री वेगळी देऊ का? आमच्याकडे झणझणीत असते," एवढं विचारलंत तर पुढचा "हे काय जेवण आहे का?" हा आरडाओरडा होतच नाही. सावजी रस्सा पहिल्यांदा खाणाऱ्याला आधीच सांगायला हवं. अनलिमिटेड थाळीचे नियमही पाटीवर असले तरी ऑर्डर घेताना तोंडाने सांगा. जेवायला बसलेला माणूस भिंतीवरची पाटी वाचत नाही.

पहिली पायरी: पूर्ण ऐकून घ्या

गिऱ्हाईक बोलायला लागलं की हातातलं काम बाजूला ठेवा, टेबलाजवळ या आणि त्याचं बोलणं संपू द्या. मध्येच खुलासा करू नका. माणूस चिडलेला असतो तेव्हा त्याची पहिली दोन-चार वाक्यं नुसता राग असतात, नेमकी तक्रार त्यानंतर येते. पहिल्याच वाक्याला उत्तर द्यायला गेलात तर तुम्ही रागाशी भांडत बसता.

काही वाक्यं तोंडातून जाऊच देऊ नका. "आमच्याकडे असं कधी होत नाही." "बाकी कुणी तक्रार केली नाही." "तुम्ही आधी का नाही सांगितलं?" आणि सगळ्यात वाईट, "मी काय करू, बनवणारा मी नाही." पहिल्या तीन वाक्यांनी तुम्ही समोरच्याला खोटं पाडता, आणि चौथ्याने त्याला वाऱ्यावर सोडता. खोटं पडलेला माणूस बायकामुलांसमोर माघार घेत नाही, मग मूळ भाजी राहते बाजूला.

त्याऐवजी त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत परत बोलून दाखवा. "काका, रोट्या गार आल्या आणि दुसऱ्यांदा सांगूनही उशीर झाला, बरोबर?" यात तुम्ही चूक मान्य केलेली नाही, फक्त ऐकलंय हे दाखवलंय. माफी मागायची तर त्रासाबद्दल मागा: "तुम्हाला थांबावं लागलं, सॉरी." नेमकं काय झालं हे कळायच्या आत "आमची चूक झाली" म्हणू नका.

दुसरी पायरी: स्वतःच्या डोळ्यांनी बघा

"दाखवता का?" असं विचारा आणि बघा. रोटीला हात लावला तर गार आहे की गरम ते कळतं. भाजीला वास येतोय का ते वाटी जवळ घेतली तरी कळतं. गिऱ्हाइकाच्या ताटातलं चाखायचं मात्र नाही. चव बघायची असेल तर भटारखान्यात जाऊन पातेल्यातली बघा, किंवा कॅप्टनला बघायला सांगा.

आक्षेप घेतलेली डिश लगेच उचलून सिंकमध्ये टाकू नका. "पुरावा गायब केला" हा नवा वाद त्यातून उभा राहतो. आत न्यायची असेल तर विचारून न्या, आणि निकाल लागेपर्यंत झाकून बाजूला ठेवा.

तिसरी पायरी: तक्रार आणि मागणी सोडवून घ्या

खरी कसोटी इथे आहे, म्हणून एक प्रसंग जवळून पाहू.

रविवारची रात्र, बाहेर वेटिंग. सहा जणांचं कुटुंब जेवून उठायच्या बेतात आहे. बिल टेबलावर आलं आणि घरचे काका कडाडले, "पनीर शिळं होतं. एक रुपया देणार नाही!" पनीरची वाटी चाटूनपुसून रिकामी. नव्या वेटरची नजर थेट त्या वाटीवर जाते आणि जीभ शिवशिवते: मग खाल्लं कसं सगळं? हे बोलायचं नाही. वाटी रिकामी आहे हे काकांनाही दिसतंय.

विचारायचं असं:

"काका, पनीरला वास येत होता, की ग्रेव्ही आंबट लागली?"

"आंबट होती. मुलांनी खाल्ली कशीबशी."

"बरं. पनीरचं मी आत्ताच कॅप्टनच्या कानावर घालतो. दाल, रोट्या, ताक, बाकी सगळं ठीक होतं ना?"

काका क्षणभर थांबतात. "बाकी ठीक होतं."

या दोन प्रश्नांनी काम केलं. "शिळं" या मोघम शब्दाची "आंबट ग्रेव्ही" झाली, जी आत जाऊन तपासता येते. आणि सगळ्या बिलाचा वाद एका वाटीवर आला. कॅप्टनने पातेल्यातली ग्रेव्ही चाखली. टोमॅटो जास्त पडल्याने खरंच आंबटसर असेल तर पनीरचे पैसे काढावेत, बाकीचं बिल घ्यावं. ग्रेव्ही ठीक असेल तर? माझं मत असं की, पहिल्यांदाच आलेलं कुटुंब असेल आणि मालकाची मुभा असेल तर एक भाजी सोडून द्यावी. त्या टेबलावर अर्धा तास वाद घालण्यापेक्षा ते स्वस्त पडतं, आणि बाहेर उभे असलेले लोकही सगळं बघत असतात. पण तोच माणूस दर महिन्याला वाटी रिकामी करून तेच बोलत असेल, तर कॅप्टनने शांतपणे सांगावं: "साहेब, पहिल्या घासाला सांगितलंत तर लगेच बदलून देऊ. संपल्यावर पैसे काढता येणार नाहीत." आवाज न चढवता, एकदाच. तेच वाक्य तीनदा बोललं की त्याची विनवणी होते.

नाही म्हणताना सोबत काय देऊ शकतो तेही सांगा. "बिल माफ होणार नाही, पण ही डिश आत्ता बदलून देतो." नुसतं "नाही" ऐकलं की माणसाला वरच्याला बोलवावंसं वाटतं.

या तक्रारींना अवाजवी म्हणायचंच नाही

गिऱ्हाईक कितीही ओरडत असलं तरी पुढच्या गोष्टींत त्याचं म्हणणं गंभीरपणेच घ्या.

शाकाहारी डिशमध्ये मांसाहारी तुकडा निघाला, किंवा नुसता तसा संशय आला, तरी ती डिश तिथल्या तिथे थांबवा आणि वरच्या माणसाला बोलवा. कुणाचा आयुष्यभराचा नेम असतो, कुणाचा उपवास असतो. "चुकून आलं असेल, बाजूला काढा" हे वाक्य त्या माणसाच्या जिव्हारी लागतं, आणि लागायलाच हवं. शेंगदाणा, काजू, अंडं यांची ॲलर्जी सांगितली असताना चूक झाली तर तो जिवाचा प्रश्न आहे. श्वास लागणं, ओठ किंवा तोंड सुजणं असं काही दिसलं तर बिलाचं नंतर बघा, आधी १०८ ला फोन करा. काच, तार, झुरळ, केस यातलं काही निघालं तर तिथे घासाघीस करू नका.

बिलात सेवाशुल्क (सर्व्हिस चार्ज) आपोआप लावलं आणि गिऱ्हाइकाने हरकत घेतली, तर तीही योग्यच हरकत आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या: हॉटेलाने सेवाशुल्क आपोआप किंवा दुसऱ्या कुठल्या नावाने लावू नये. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ च्या निकालात या सूचना कायम ठेवल्या. तेव्हा वाद न घालता ते शुल्क काढून द्यायला मॅनेजरला सांगा. आणि कुणी पक्कं बिल मागितलं तर ते द्यायचंच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

पैशाचे वाद: इथे माहिती कामाला येते

गल्ल्यावरच्या निम्म्या कुरबुरी गैरसमजातून होतात, त्यामुळे काही उत्तरं तयार ठेवा.

"दोनदा टॅक्स लावला!" ही नेहमीची तक्रार. साध्या हॉटेलच्या बिलावर ५ टक्के जीएसटी असतो. तो बिलावर २.५ टक्के केंद्राचा आणि २.५ टक्के राज्याचा असा दोन ओळींत छापला जातो. दोन्ही ओळी बोटाने दाखवा, बेरीज करून दाखवा, बहुतेक जण तिथेच शांत होतात. तुमचं हॉटेल कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत असेल तर मात्र गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेताच येत नाही. ते आधी मालकाला विचारून ठेवा, नाहीतर चुकीच्या बाजूने भांडाल.

"बाटलीवर वीस लिहिलंय, तुम्ही तीस कसे घेता?" सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ ला निकाल दिला की हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बसून घेतलेल्या बाटलीबंद पाण्याला छापील किमतीचं बंधन लागू होत नाही, कारण माणूस तिथे नुसती बाटली विकत घ्यायला येत नाही, बसण्याची-वाढण्याची सोयही घेतो. हा निकाल गिऱ्हाइकाच्या तोंडावर मारायचा नाही. मेनूकार्डवर भाव छापलेला असेल तर तो दाखवा, आणि बाटली फोडायच्या आधी "साधं पाणी आणू की बाटली?" हे विचारायची सवय ठेवा. बाटली नुसती बरोबर न्यायला मागितली तर छापील किमतीलाच द्यावी असं माझं ठाम मत आहे. तिथे बसण्या-वाढण्याची सोय दिलेलीच नसते.

यूपीआयचा वाद सगळ्यात नाजूक. गिऱ्हाईक म्हणतं पैसे कापले गेले, आपला साउंडबॉक्स मात्र गप्प. साउंडबॉक्सवर विसंबू नका, रेंज नसली की तो बोलत नाही. हॉटेलच्या खात्याचं ॲप उघडून बघा. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट पुरावा धरू नका, कारण हुबेहूब खोटे स्क्रीनशॉट बनवता येतात. पण त्याला चोर ठरवल्यासारखंही वागू नका, व्यवहार खरोखर अडकतात. त्या व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक मागून लिहून घ्या आणि सांगा: "दादा, आमच्या खात्यात अजून आले नाहीत. तुमचे कापले गेले असतील तर बँकेकडून परत येतात." रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार दुकानदाराला केलेला असा अडकलेला व्यवहार जास्तीत जास्त पाच दिवसांत आपोआप उलटला पाहिजे, आणि उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळते. हे कळलं की पुष्कळ जण दुसऱ्या खात्यातून किंवा रोख पैसे देतात. कुणाकडे खरंच दुसरी सोय नसेल तर मालकाला फोन लावा. उधार ठेवायचं की नाही हा निर्णय तुमचा नाही.

धमकीची भाषा

"रिव्ह्यू टाकतो" म्हटलं की नवी मुलं लगेच काहीतरी फुकट देऊन बसतात. देऊ नका. रिव्ह्यू टाकायचा त्याचा हक्क आहे. तुम्ही एवढंच म्हणा: "जरूर लिहा साहेब, पण त्याआधी आम्हाला दुरुस्त करायची एक संधी द्या." धमकीला गोड खाऊ मिळतो हे एकदा कळलं की तेच गिऱ्हाईक पुढच्या वेळी आल्या आल्या धमकी देतं.

"ग्राहक न्यायालयात खेचतो" म्हणणाऱ्याला "जा कुठे जायचं तिथे" असं उत्तर देऊ नका, आणि घाबरूही नका. बिल द्या, मालकाचं नाव आणि नंबर द्या. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, विचारली तर तीही सांगा. लपवण्यासारखं काही नसलं की आवाजात आपोआप स्थिरपणा येतो.

दुसऱ्या दिवशी येणारा फोन वेगळा: "तुमच्याकडे जेवलो आणि सगळ्यांची पोटं बिघडली." माणूस नेहमी शेवटच्या जेवणाला दोष देतो. काही जंतूंचा त्रास खाल्ल्यावर तासाभरात सुरू होऊ शकतो, काहींचा दोन-तीन दिवसांनी, त्यामुळे दोष आपला असेलही, नसेलही. फोनवर त्याचा निवाडा करू नका. आधी तब्येत विचारा, डॉक्टरांना दाखवलं का विचारा. मग किती वाजता जेवले, काय काय खाल्लं, किती जण होते, त्यातल्या किती जणांना त्रास झाला, हे सगळं लिहून घ्या. आदल्या दिवशीचं काही शिल्लक असेल तर ते टाकू नका, वेगळं ठेवायला सांगा, आणि ताबडतोब मालकाला कळवा. त्याच जेवणाबद्दल दुसरा फोन आला तर ही माहिती फार मोलाची ठरते. औषधपाण्याचे पैसे द्यायचं वचन फोनवर तुम्ही द्यायचं नाही.

ॲपवरच्या ऑर्डरचंही तसंच. रस्सा सांडला, पाव कमी आले, तर माहिती घ्या आणि ॲपमधूनच तक्रार नोंदवायला सांगा, कारण पैसे तिथे भरलेत.

तुमची सहनशक्ती कुठे संपते

गिऱ्हाइकाचा आवाज चढणं सहन करावं लागतं, ते या कामातच आलं. आई-बहिणीवरून शिवी, अंगावर धावून येणं, हात लावणं, जातीवरून, गावावरून किंवा भाषेवरून बोलणं, हे सहन करणं कामात येत नाही. कुठल्याही पगारात येत नाही. तिथे एकच वाक्य बोला: "साहेब, शिवी देऊ नका, मी मॅनेजरना बोलावतो," आणि खरंच तिथून बाजूला व्हा. उलट शिवी देऊ नका, हात उचलू नका. हात उचललात की पहिला गुन्हा कुणाचा याचाच घोळ होतो. मारहाणीपर्यंत गेलं तर ११२ ला फोन करा आणि सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवायला सांगा.

मुलींनी हे नीट लक्षात ठेवावं. अश्लील शेरा, नंबर मागत राहणं, बिल घेताना मुद्दाम हात धरणं, यातलं काहीही "गिऱ्हाईक आहे, सांभाळून घे" म्हणून गिळायचं नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात बाहेरून येणाऱ्या माणसांपासून संरक्षण देण्याची जबाबदारीही मालकावर टाकलेली आहे, आणि बाईला पोलिसांत तक्रार करायची असेल तर मदत करणंही त्याच्याकडेच आहे. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारे शब्द किंवा हावभाव हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा आहे. अशा टेबलावर लगेच दुसरा माणूस पाठवणं हे कॅप्टनचं काम आहे. तो पाठवत नसेल तर तुम्ही मालकापर्यंत जा.

आणि पगाराचं. बिल न देता कुणी उठून गेलं किंवा भांडून पैसे कमी दिले, तर ते वेटरच्या पगारातून कापायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. नुकसान कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झालं असेल तरच, आणि त्याला आपली बाजू मांडायची संधी दिल्यावरच, पगारातून कापता येतं. हे १९३६ च्या वेतन कायद्यापासून चालत आलंय. मुकाट्याने कापून घेऊ नका, विचारा.

शेवटची पायरी: वहीत नोंद

गिऱ्हाईक गेल्यावर, दुसरं टेबल लागायच्या आत, चार ओळी लिहा. राग लिहू नका, घडलेलं लिहा. असं:

"रविवार, रात्री ९.४०, टेबल ७. पनीरची ग्रेव्ही आंबट असल्याची तक्रार. वाटी संपली होती. कॅप्टनने पातेल्यातली चाखली, थोडी आंबट होती. भाजीचे पैसे काढले, बाकी बिल रोख घेतलं."

खाली तुमची आणि कॅप्टनची सही. मालकाला दुसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाईक फोन करून वेगळीच कहाणी सांगतं, तेव्हा या चार ओळी तुमच्या बाजूने उभ्या राहतात. हॉटेलात अशी वही नसेल तर दहा रुपयांची वही आणून तुम्हीच सुरू करा. आणि एकाच भाजीबद्दल आठवड्यात दुसरी नोंद दिसली की वही घेऊन थेट आचाऱ्याकडे जा, संध्याकाळची ग्रेव्ही चुलीवर चढायच्या आधी.